झडतीला उत्तर

माझी धाकटी बहीण तारे कसे मरतात ते शोधते. हे वाक्य आता मी बेधडक लिहितो, पण तिला परदेशातला तो मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या राळेगावाकडच्या गावात एकालाही ते धड सांगता येत नव्हतं. सगळ्यांत जास्त पंचाईत बाबांची. चहाच्या टपरीवर कोणी विचारलं, "काका, पोरगी करते काय?" की बाबा म्हणायचे, "शास्त्रज्ञ हाये," आणि पुढचं विचारायच्या आत उठायचे. तिनं मोबाइलवर चित्रं दाखवून खूप समजावलं. बाबा मान डोलवायचे आणि नंतर मला हळूच विचारायचे, "तुले काही समजलं का रे?" मला कुठलं समजतंय! बापाची मान खाली जाते हे मात्र दिसत होतं.

पुरस्कारानंतर ती पोळ्याला घरी आली. आमच्याकडे बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की झडत्या होतात. एकानं ओळी जुळवून टोमणा मारायचा, ज्याला लागला त्यानं तिथल्या तिथं जुळवून परतवायचा. शेवटी "एक नमन गौरा पार्वती" म्हणायचं, आणि झडती जमली तर सारं गाव "हर हर महादेव" म्हणतं. नाही जमली तर गप्प बसतं, आणि ते गप्प बसणं वर्षभर चघळलं जातं. बाबा एके काळचे झडतीचे वाघ. पण गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि उरली ती नुसती घरघर. मला दोन ओळी जुळवायला सांगाल तर तिसऱ्या दिवशी देईन.

आमच्या शेताला लागून ज्याचं वावर आहे, तो शेजारी बाबांकडून दरसाल हरायचा. यंदा त्यानं डाव साधला.

"बाप राबे वावरात, माय वेचे बोंड,
पोरगी मोजे चांदण्या, वर करून तोंड!"

"हर हर महादेव" करत गाव खदखदून हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण झडतीला भांडणानं उत्तर देणं म्हणजे हरणंच. बाबांनी तोंड उघडलं, शब्द फुटला नाही.

शाळेच्या भिंतीशी बाया उभ्या होत्या. त्यांतून बहीण निघाली ती सरळ तोरणाखाली. आमच्या गावात बाईमाणूस झडती म्हणत नाही. मी दबक्या आवाजात म्हटलं, "कायले येऊन राह्यली? जाय ना मागं." तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तोंड वर केलं म्हणून दिसलं, तारा कसा मरते,
मरता मरता आपलं लोखंड चहूकडं पेरते!
तेच तुमच्या वखरात, तेच बापाच्या रगतात,
वावर सारं वरचंच हाये, लोक खालीच बघतात!
एक नमन गौरा पार्वती..."

गाव गप्प. कोणी टोपी नीट करतोय, कोणी बैलाची झूल. माझा जीव टांगणीला लागला. एवढ्यात बाबांच्या त्या फाटक्या घशातून आलं, "हर हर महादेव!" त्यांच्यामागोमाग ओरडला तो शेजारीच. माणूस दिलदार, नाही कशाला म्हणू. मग सारं गाव.

मी रडलो. लाज कशाची? माझी बहीण आहे ती.

संध्याकाळी बैल ओवाळून घ्यायला घरोघरी नेले. बाबाही निघाले. दारादारात थांबून, दम घेत घेत, वखराचं लोखंड कुठून आलं अन् पोरीनं ते कसं शोधलं, हे सांगत सुटले. शेजाऱ्याच्या दारात तर हलेचनात.

"बाबा, घसा दुखन," मी म्हटलं.

"दुखू दे," ते म्हणाले. "इतके दिवस लोकायनं पुसलं, मले सांगता नाही आलं. आता येते."