देव पाण्यात, मी प्रतीक्षायादीत

पुण्याच्या विद्यापीठानं मला प्रवेश दिला नाही आणि नाकारलाही नाही. प्रतीक्षायादीत अकरावा क्रमांक दिला. हे मी घरात सांगितलं तेव्हा आईचा कणीक मळणारा हात थांबला. बाबांनी मात्र सुटकेचा निःश्वास टाकला.

"अकराच ना? मग काय! आरामात कन्फर्म होईल."

बाबा झाशी स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीत बसतात. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या हातात वेटिंगची तिकिटं दिली आहेत. कोणत्या गाडीचं किती वेटिंग निघतं हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांचं म्हणणं असं की शेवटच्या दोन दिवसांत लोक पटापट तिकिटं रद्द करतात, विद्यापीठात तरी वेगळं काय होणार? मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायला निघाले होते, म्हणजे शक्यता कशी मोजतात हे घरात मलाच थोडंफार ठाऊक. पण ऐकतं कोण!

जून संपत आला होता आणि ओरछा गेटच्या आतली आमची गल्ली तव्यासारखी तापत होती. नवी यादी लागलीच तर संध्याकाळी पाचला लागायची. चारपासून मी कूलरसमोर फोन घेऊन बसायची आणि पाचनंतर तासभर कुणाशी बोलायची नाही. अकराचे आठ झाले, आठाचे पाच. दूधवाले काका सायकलवरूनच ओरडायचे, "बिन्नू, नंबर आओ के नईं?" बिन्नू म्हणजे पोरगी, इकडे बुंदेलीत लाडानं असंच म्हणतात. लाड कळत होता, तरी मला त्यांच्या दुधात लिंबू पिळावंसं वाटायचं. सगळे एकच बोलत होते. हो जाएगा, हो जाएगा. आईसुद्धा, आणि आई म्हणजे भात शिजायच्या आधी शिजेल असं न म्हणणारी बाई.

पाचवर आकडा अडकला. आठवडाभर हलेना. आणि एका सकाळी आमचं देवघर रिकामं दिसलं.

गणपती नाही, बाळकृष्ण नाही, अन्नपूर्णा नाही. मला वाटलं, आईनं चिंच लावून घासायला काढले असतील. आईला वाटलं, मी काही उद्योग केला. बाबा आरशासमोर दाढी करत होते. तोंडावर फेस तसाच ठेवून म्हणाले, "पाण्यात आहेत."

स्वयंपाकघरात ओट्याखाली, सगळ्यात गार कोपऱ्यात एक नवं कोरं तांब्याचं घंगाळ होतं. मानिक चौकातून आदल्या दिवशीच आणलेलं. तिघंही त्यात गळ्याच्या वर बुडून बसले होते.

काम होईपर्यंत देव पाण्यात ठेवायचे, झालं की काढायचे. अशी म्हण आहे हे मला माहीत होतं. अशी माणसं आहेत हे माहीत नव्हतं. आणि त्यातून बाबा! देवळातल्या रांगेला कॉम्प्युटर बसवा म्हणणारे, दिवाळीच्या पूजेत जांभया देणारे माझे बाबा. त्यांच्या रेल्वेच्या परीक्षेच्या वेळी म्हणे त्यांच्या आईनं असेच देव बुडवले होते आणि पंधरा दिवसांत निकाल लागला होता. "लागला ना?" त्यांनी मला विचारलं. या पुराव्यावर संख्याशास्त्र काय बोलणार?

तेव्हापासून ड्यूटीवर जाण्याआधी ते स्वतः पाणी बदलायचे. माठातलं गार पाणी, वर तुळशीचं पान. कधी कधी घंगाळापाशी उकिडवे बसून नुसतेच बघत राहायचे. आईची मात्र पंचाईत झाली. गंध लावावं तर वाहून जाई, फूल वाहावं तर तरंगत कडेला येई. "देव घातलेत की लोणचं मुरत घातलंय?" ती म्हणायची. पण घंगाळाला तिनं कधी धक्का लागू दिला नाही, आणि त्या उकाड्यात घरात सुखी असे तेच तिघं होते.

पाचाचे तीन झाले. बाबांनी पेढे आणले. मी म्हटलं अजून काही झालेलं नाही, तर म्हणाले, तिनाला कोण वेटिंग म्हणतं? तिनाचे दोन झाले. त्या दिवशी माझाही तोल गेला. मी पुण्यातल्या खोल्यांचे फोटो बघितले, मैत्रिणीला विचारून ठेवलं की तिकडे थंडीत रजई लागते का.

मग जुलैच्या शेवटी, दुपारी, एक मेल आलं. सर्व जागा भरल्या आहेत, प्रवेशप्रक्रिया बंद झाली आहे, आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार. मी आईला वाचून दाखवलं. तिनं गॅस बंद केला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी रडले नाही. रडायला बाबा येऊ देत, असं काहीतरी डोक्यात होतं.

बाबा आले, मेल दोनदा वाचलं आणि म्हणाले, "कोणीतरी सोडेलच. एखादी यादी अजून निघेल, बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घंगाळातलं पाणी बदललं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्याही. मी त्या आवाजानं जागी व्हायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इथल्या कॉलेजात अर्ज मी कधीच भरून ठेवला होता आणि मूळ कागदपत्रं घेऊन जायची शेवटची तारीख शनिवार होती. कागदपत्रं बाबांच्या कपाटात, पुण्याला न्यायच्या निळ्या पिशवीत. गुरुवारी मी ती मागितली.

"दोन दिवस थांब," बाबा म्हणाले.

"दीड महिना थांबलेच आहे, बाबा. मला आता थांबवत नाही. आणि त्यांनाही काढा बाहेर."

शेवटचं वाक्य मी मोठ्यानं बोलले. बाबांनी सागर शहरातल्या आत्याला फोन लावला, ती त्यांच्याहून मोठी, घरातलं सगळं तिला विचारायचं. स्पीकरवर मी ऐकत होते. काम झालं नाही तर देव कसे काढायचे, त्याचा काही विधी असतो का?

आत्या म्हणाली, "झाल्यावर काढतात रे. न झाल्यावरचं मला नाही ठाऊक. आईनं सांगितलंच नाही कधी."

बाबांनी फोन खाली ठेवला. खरंच अडलेले दिसत होते. शेवटी आई दाराशी येऊन म्हणाली, "विधी नसेल तर नसू दे. पंचा घ्या आणि पुसा. किती दिवस ठेवणार आहात त्यांना?"

बाबा ओट्यासमोर खाली बसले. मीही बसले. त्यांनी आधी अन्नपूर्णा काढली, मग बाळकृष्ण, मग गणपती. पंच्याच्या टोकानं गणपतीच्या सोंडेची खाच, कानामागचं पाणी, सगळं हळूहळू टिपत राहिले. माझ्या लहानपणी मला न्हाऊ घालून झाल्यावर तेच कान पुसायचे. त्यांनी तिघांना पाटावर ओळीनं ठेवलं आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"खिडकीत रोज सांगतो मी लोकांना. नहीं हुआ जी, अगला. मान वर न करता सांगतो. तुला सांगता येईना."

"मग आता सांगा," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. "नाही झालं गं, बाळा. तू खूप केलंस. नाही झालं."

दीड महिना सगळं गाव मला होईल होईल म्हणत होतं, आणि मला हे एवढंच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. मी जी रडायला लागले ती थांबेचना. नाक, डोळे, सगळं एक झालं. बाबांनी हातातल्या त्याच ओल्या पंच्यानं माझं तोंड पुसायला सुरुवात केली, कानामागून, हनुवटीखालून.

"अहो, तो देवांचा पंचा आहे!" आई ओरडली.

"असू दे," बाबा म्हणाले आणि पुसत राहिले.