नाकाला लावलेला बूट

शुद्धीवर आले तर नाकाशी बूट. बर्फानं भिजलेला, रस्त्यावरच्या मिठानं पांढरा पडलेला, कुणाचा कोण जाणे. धरला होता काकांनी. काका म्हणजे इथं परदेशात, नेपरव्हिलला स्थायिक झालेले रिटायर्ड डॉक्टर, उभी हयात इथल्या हॉस्पिटलांत गेलेली. त्यांच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि मला तिथंच, तिळगुळाच्या ताटाशेजारी फिट आली.

नागपूरला आमच्या वस्तीतही फिट आली की चप्पल हुंगवतात. तिथं डॉक्टर नाही म्हणून. इथं डॉक्टरच हुंगवत होता. नातवाला जरा ताप आला की हेच काका गाडी काढून इमर्जन्सीला पळतात. मला बूट! जीभ चावलेली, तोंडात रक्त, साडी ओली. सगळ्या काकू बघत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मेंदूचा ईईजी नॉर्मल आला ना तुझा?" काका सगळ्यांसमोर म्हणाले. "मग कसली फिट? अटेन्शन हवंय हिला."

ॲन आर्बरला मी शिकते. तिथली माझी न्यूरॉलॉजिस्ट म्हणते, एपिलेप्सी असेल, नसेलही. अजून सांगता येत नाही, तोवर गोळ्या चालू ठेवू. त्या 'तोवर'मध्ये मी जगतेय. गोळ्यांनी डोकं जड होतं, बोलताना शब्द सापडत नाहीत. ड्राइव्ह करायला बंदी. आंघोळ करताना दाराला कडी लावत नाही. आणि मनात सारखा किडा, खरंच नाटक करतेय का मी? स्वतःच्या अंगावरचाच भरवसा उडाला तर माणसानं जायचं कुठं?

काकांनी तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. माझी आई नागपूरला काकांच्या बहिणीकडे स्वयंपाकाला आहे. त्याच ओळखीवर काका माझे इथले गार्डियन. तिकडे सकाळ होती, आई त्या बहिणीच्याच घरी, ओट्याशी उभी होती.

"पोरीला काही झालेलं नाही. गोळ्या बंद करायला सांगा. नाहीतर परत बोलवून घ्या."

आईनं फोनलाच हात जोडले. "साहेब सांगतात तर बंद कर गं, बाई."

तळपायाची आग मस्तकात गेली. उठवत नव्हतं. बसल्या बसल्याच फोन हिसकावला.

"आई, हात खाली घे. गोळ्या बंद होणार नाहीत."

मग काकांना म्हटलं, "मला काय झालंय ते तुम्हाला माहीत नाही. माझ्या डॉक्टरलाही माहीत नाही. पण ती तसं सांगते. तुम्ही बूट हुंगवता."

"शेफारलीय," एक काकू म्हणाली. असेन.

सोमवारी ॲडमिट होतेय. डोक्याला वायरी लावून, कॅमेऱ्यासमोर फिटची वाट बघायची. फिट यावी म्हणून तिथं गोळ्या कमी करतील, पण माझी डॉक्टर करेल, काका नाही. फिट आली तर काय, आणि नाही आली तर काय! एपिलेप्सी निघाली तर तिचं औषध घेईन. मनाचं निघालं तर मनाचं घेईन, त्यात कसली आलीय लाज? काहीच नाही निघालं तर पुन्हा ॲडमिट होईन.

आईला त्या घरचं काम सोडायला लावलंय. ती रडली. रडू दे. माझ्या स्टायपेंडवर दोघींचं अर्धं पोट भरलं तरी चालेल.

मी पडते, हे खरं आहे. ते खरं की खोटं, हे आता कुणाला विचारणार नाही.