सात राज्यं आणि सहा टोपल्या

मे १९८४, शेवटचा शनिवार. काम: बियाण्याला ऊन दाखवणे.

त्या दिवशी दुपारी चारपर्यंत जगात सहा राष्ट्रं होती. सव्वाचारला एकही उरलं नव्हतं, आणि ते माझ्या हातून झालं.

आमचं गाव लाखांदूरच्या अलीकडे, बोडीच्या काठचं. बोडी म्हणजे लहान तलाव. तिच्या पाण्यावर आमच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, पिकतात. पेरणी पंधरा दिवसांवर आली होती, म्हणून मी सकाळीच सहा टोपल्या अंगणात मांडल्या होत्या. लुचई, चिन्नोर, हिरानक्की आणि आणखी तीन जातींचं धान. हे विकतचं बियाणं नव्हतं. कापणीच्या वेळी मी स्वतः बांधीत उतरून चांगल्या लोंब्या निवडते, हातानं झोडते आणि वर्षभर माळ्यावर राखते. हलकं धान लवकर पिकतं, भारी धान महिनाभर उशिरा. दोन्ही एका बांधीत पडली, की अर्धं पीक गळायला लागतं तेव्हा अर्धं हिरवंच असतं, आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारतो, "या वर्षी खिचडी पेरली का जी?"

म्हणून दुपारी वाकळा धुवायला बोडीवर जाताना मी घरातल्या चार धडधाकट माणसांना बजावलं. "एक, कोंबडी येऊ द्यायची नाही. दोन, ह्या टोपलीतला दाणा त्या टोपलीत जाता कामा नये. समजलं?"

"समजलं," चौघं म्हणाली. (चौघं एकदम म्हणाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.)

दोन तासांनी ओल्या वाकळांचा भारा डोक्यावर घेऊन मी परत आले. सकाळी सारवलेल्या माझ्या अंगणात कुणीतरी चुन्यानं जग काढलं होतं. जग म्हणजे आमच्याच बांध्या. चौकोन, मध्ये धुरे आणि मधोमध समुद्र म्हणून एक बोडी. चौकोनांत खडे मांडले होते आणि प्रत्येक राष्ट्रामागे माझी एकेक टोपली.

हा उद्योग मनोहरभाऊजींचा. माझे धाकटे दीर शाळेत इतिहास शिकवतात. उन्हाळ्याची सुटी लागली की त्यांना ऐकायला वर्ग उरत नाही, म्हणून ते आमच्याकडे येतात.

"भाऊजी, हे काय लावलं?"

"खेळ आहे वैनी. दोन हजार वर्षांचा इतिहास. खडे म्हणजे सैन्य. ज्याच्या ताब्यात जास्त बांध्या, तो सम्राट."

"अन् माझ्या टोपल्या?"

"ते खजिने."

"माझं बियाणं खजिना?"

"तापू नोका. पहिला नियमच तो हाये. कोणत्याच राष्ट्राचा दाणा धुरा ओलांडत नाही. पाहा, एक तरी इकडचा तिकडं गेला का?"

मी पाहिलं. एकही गेला नव्हता. ओरडायला आलेल्या माणसाला ओरडायला जागा मिळाली नाही, की राग आत जाऊन बसतो आणि दुसरं दार शोधतो. मी तिथूनच निघून जायला हवं होतं. वाकळा वाळत घालायच्या होत्या. पण मी भारा खाली टाकला आणि विचारलं, "राष्ट्रं कोणती घेतली?"

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, गोंडवाना घेतला होता. "आपल्या इकडं राजे कोण होते? गोंडराजे. मग?" नवऱ्यानं इंग्रज घेतले होते. माझी मुलगी सुनंदा सातवीत होती, तिच्याकडं मिसर, म्हणजे इजिप्त. रोम भाऊजींकडं. शेजारचे नामदेवभाऊ राखणीत नव्हते, पण खेळ म्हटल्यावर आले होते. ते दरवर्षी दंडारीच्या नाटकात रावण करतात. त्यांना लंका हवी होती, आणि लंका इतिहासात बसते की नाही यावर भाऊजींनी त्यांच्याशी तासभर वाद घातला होता.

"लंका नसन तर मी घरी जातो," असं नामदेवभाऊ म्हणाले, आणि लंका इतिहासात बसली.

"अन् सहावं?"

"चीन," भाऊजी म्हणाले.

"चीनकडून कोण खेळते?"

"कोणीच नाही. पण जग म्हटलं तर चीन पायजेच ना वैनी."

"नागपूरचे भोसले कुठं हायेत?"

मामाजींनी बोडीतला एक खडा उचलून निरखून पाहिला.

इथं सांगायला हवं, की माझ्या माहेरच्या कोणा पणजोबांनी भोसल्यांच्या घोड्यांना गवत पुरवलं होतं, अशी आमच्याकडे समजूत आहे. पुरावा काही नाही. गवत घोड्यांनी खाल्लं.

"भोसल्यांचं राज्य कटकपर्यंत होतं," मी म्हटलं. "लंकेले जागा हाये, अन् भोसल्यांले नाही?"

"टोपल्या सहाच हायेत वो," नवरा म्हणाला.

"मग इंग्रज काढा. दीडशे वर्षं राहून गेले, आता खेळातही कायले बोलावता?"

"इंग्रजाशिवाय इतिहास होते का?"

"मग चीन काढा. तिकडून खेळाले माणूसच नाही."

यावर मामाजी प्रथमच तापले. "चीनले काढू नोको, सूनबाई. बाहेर ठेवला तर तो आपल्या मतानं येते. आत असला तर डोळ्यासमोर राहते."

भाऊजी म्हणाले, "आपण मत घेऊ. लोकशाही हाये. चीन राहावा असं ज्याले वाटते, त्यानं हात वर करावा."

मामाजींचा हात वर गेला. भाऊजींचा गेला. नामदेवभाऊंनी दोन्ही हात वर केले. (रावणाला वीस हात असतात म्हणून दोन मोजावे, असं त्यांचं म्हणणं. एकच मोजला.) मी सुनंदाकडं पाहिलं. हिच्या परीक्षेच्या दिवसांत मी पहाटे उठून चहा केला होता.

"आई, भोसल्यांवर पेपरात दोनच मार्कांचा प्रश्न येते," ती म्हणाली आणि हात वर केला.

राहिला नवरा. पंधरा वर्षांचा संसार. त्याच्या आईचं दुखणं काढलं, त्याच्या बहिणीचं बाळंतपण केलं. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "इतिहास भावनेवर चालत नाही," आणि चीनला मत दिलं.

ज्या देशाला खेळायला माणूस नव्हता त्याला पाच मतं पडली, आणि मला माझं स्वतःचं एक.

"असं का?" मी म्हटलं. मी आवाज चढवला नव्हता, हे मला नक्की आठवतं. "हे अंगण कोणी सारवलं? मी. टोपल्या कोणाच्या? माझ्या. मग राज्यही माझंच."

असं म्हणून मी रोम उचलला आणि मिसरमध्ये ओतला. इंग्रज उचलले आणि लंकेवर उपडे केले. गोंडवाना त्याच लंकेवर. मामाजी "अवं, अवं" म्हणत होते, पण मला वाटलं ते गोंडराजांसाठी हळहळत आहेत. मग मिसर आणि लंका, दोन्ही हातांत एकेक टोपली धरून, मी चीनच्या डोक्यावर रिकाम्या केल्या. चीनच्या टोपलीत एवढं मावेना. उरलेलं जग अंगणात सांडलं.

"वैनी," नामदेवभाऊ हळूच म्हणाले. रावण एवढ्या हळू बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. "चीनमधी चिन्नोर होतं."

मी खाली पाहिलं. हलकं, मध्यम, भारी, बारीक, जाड, सगळं एका ढिगात पडलं होतं. वर्षभराची निवड, झोडणी, राखण. आणि दोन तासांत ज्या पाच जणांनी एक दाणा इकडचा तिकडं होऊ दिला नव्हता, ते माझ्याकडं बघत उभे होते.

नवरा म्हणाला, "कोंबडी मात्र एकही येऊ दिली नाही आम्ही."

मी त्याच्याशी सोमवारपर्यंत बोलले नाही.

दिवस मावळेपर्यंत आम्ही सहाही जण निवडत बसलो. चिन्नोर बारीक, म्हणून चाळणीतून थोडं हाती आलं. काळ्या टोकाचे दाणे सुनंदानं वेचले, दीड मूठ. बाकीचे सगळे सारखेच दिसत होते. एकमेकांचे शत्रू असलेले देश पाव तासात असे एक झाले होते, की आता त्यांना कोणी वेगळं करू शकेना.

मामाजींनी मूठभर दाणे तळहातावर घेतले आणि खाली ठेवले. "निवडता निवडता दिवाळी येईल, सूनबाई. हे आता खायाचं धान झालं. बियाणं दुसरीकडून पाहा."

दुसरीकडून म्हणजे कुठून, हे सगळ्यांना माहीत होतं. या सगळ्या जाती आमच्या पंचक्रोशीत एकाच घरी नीट राखलेल्या मिळतात: दिघोरीला, माझ्या माहेरी, माझ्या भावजयीकडं. तिला लग्नाच्या वर्षी मीच शिकवलं होतं, बियाणं कसं जपावं ते. चारचौघींसमोर शिकवलं होतं. दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली एसटी धरली. मांडीवर सहा रिकाम्या पिशव्या होत्या.

भावजय ओसरीवर तांदूळ पाखडत होती. पिशव्या बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"काहून जी बाई, तुमचं बियाणं?"

"घूस लागली."

"अगं माय. किती होत्या?"

"एकच."

ती पिशव्या मोजत होती. "एका घुशीनं सहाही टोपल्या नासवल्या?"

"रागात होती," मी म्हटलं.