पिकची पारख

बेळगावात वाद्यांच्या दुकानात मी तारा घ्यायला गेलो, तर निपाणीच्या एका गृहस्थांनी काउंटर अडवलेला. गिटार छेडायच्या प्लास्टिकच्या चकत्या, म्हणजे पिक, त्यांनी झाडून सगळ्या समोर पसरल्या होत्या. एकेक उचलून ते चिमटीत चोळत, कानाशी नेऊन वाकवत आणि शेवटी तिचा चक्क वास घेत. मग टांगलेल्या गिटारची एकच तार एकदाच छेडत. "पातळ हाय. आवाज कोरडा पडतोय." दुकानदार पुराण ऐकावं तशी मान डोलवत होता.

बारा वर्षं गिटार शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे सहन होईना. मी विचारलं, "आप्पा, किती वर्षं वाजवताय?"

"मी कशाला वाजवू? नातीला पायजे." त्यांनी वर बघितलंही नाही. "चाळीस वर्षं तंबाखूची पारख केली, पर चिमूटभर कधी तोंडात टाकली न्हाय. खाणाऱ्याला पारख नसती, त्येला नुसती तलप असती."

मी शिकवतो, असं ऐटीत सांगून खिशातली माझी परदेशी पिक त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती चोळली, हुंगली, परत दिली. "कड कशी झिजलीया बघा. मास्तर, तुमचा हात लई जड हाय. ही पोरांना द्या." आणि ढिगातली एक जाड पिक माझ्याकडे सरकवली.

प्लास्टिक हुंगणाऱ्या या आप्पांची नक्कल मी क्लासमध्ये नेहमी करतो. पोरं पोट धरून हसतात. फक्त तेवढा वेळ ती जाड पिक मुठीत झाकून ठेवावी लागते.