एकत्र मिळून

कर्णेवाले काका स्वतःला मोठे तंत्रज्ञ समजत, आणि तसे ते होतेही. पण कर्णा, वायरी आणि माईक एवढ्यापुरतेच! उभं आयुष्य सभा-समारंभांना कर्णे लावण्यात गेलं. सगळं जग 'हॅलो, हॅलो' म्हणून माईक तपासतं. काका म्हणत, "चिमणे, ऐकतेस ना?" सभागृहाच्या पार टोकाला उभ्या असलेल्या काकू हात वर करत. मगच कार्यक्रम सुरू.

आणि काकूंचा आवाज? काय सांगावं! मुलांना त्या गोष्टी सांगत, तेव्हा कोल्हा वेगळा बोलायचा, म्हातारी वेगळी. काकांनी त्या टेपवर धरून ठेवल्या होत्या. पुढे काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि उरली नुसती खरखर. टेपाही खराब व्हायला लागल्या, तेव्हा काकांनी सगळ्या गोष्टी कम्प्युटरवर घेतल्या आणि टेपा टाकून दिल्या.

आता दूर राहणाऱ्या नातीला आजीच्या गोष्टी हव्या होत्या. लेकीने फोनवर शिकवलं, "बाबा, त्या काळ्या खिडकीत आधी झिप लिहा, मग आडवी रेघ आणि आर, मग सगळ्या फाइलींचं जे एक गाठोडं होईल त्याचं नाव, मग गोष्टींच्या फोल्डरचं. आर म्हणजे आतलं सगळं घे."

"एवढंच?" काकांना ते फारच मिळमिळीत वाटलं. गोष्टी एकत्र मिळून जायला नकोत? त्यांनी फोन ठेवला आणि आरला लागून ई आणि एमही ठोकून दिले. ई एकत्रचा, एम मिळूनचा. त्यात दोघांत मिळून चष्मा एक, आणि तो काकूंच्या नाकावर. पडद्यावर कसली तरी ओळ आली आणि यंत्र तिथेच थांबलं. काकांनी काहीतरी टाइप केलं, पण एक अक्षर उमटेल तर शपथ! एंटर दाबून पुन्हा तेच टाइप केलं, पुन्हा एंटर दाबलं, तसं यंत्र भराभर कामाला लागलं.

चष्मा आणून बघतात तर फोल्डर गायब! गाठोडं तेवढं जागेवर, पण उघडायला पासवर्ड मागतंय.

त्यांनी धावत फोन लावला. लेकीने कपाळावर हात मारला. "अहो बाबा, ई म्हणजे कुलूप घाल, आणि एम म्हणजे गाठोड्यात भरून मूळच्या फाइली पुसून टाक! काय पासवर्ड टाकलात?"

"मी कुठला टाकतोय! कीबोर्ड मेला की काय, ते बघत होतो."

"पासवर्डची अक्षरं दिसतच नाहीत हो!"

पण काय टाइप केलं होतं, ते काकांना काही केल्या आठवेना. मग वाढदिवस झाले, फोन नंबर झाले, कर्ण्याच्या कंपनीचं नावसुद्धा झालं. गाठोडं ढिम्म. काकांचं तोंड एवढंसं झालं. "तुझा आवाज मीच घालवला गं," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अहो," काकू खरखरत म्हणाल्या, "यंत्र जिवंत आहे की मेलंय, हे तुम्ही जन्मभर कसं बघत आलात?"

काकांनी आ वासला. मग एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत, टाइप केलं: चिमणे ऐकतेस ना.

गाठोडं सुटलं! पहिली गोष्ट लावली. आधी काकांचा तरणा आवाज आला, "चिमणे, ऐकतेस ना?"

आणि मग काकूंचा, लख्ख: "ऐकतेय हो! आता तुम्ही गप्प बसा, मला बोलू द्या."

फोनवर लेक हसत सुटली. काका मात्र हुंदके देत होते, मोठमोठ्याने.

"ऐकलंत ना?" काकू खरखरल्या. "गप्प बसा आता." आणि त्यांनी आवाज वाढवला.