पुढे या अर्थाचे शब्द

अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण आम्ही एकाच वर्गात होतो. आमच्याकडे कळंबला तेव्हा तशीच रीत होती. मुलीला एकटी शाळेत कशी धाडायची, म्हणून पाठचा भाऊ शाळेच्या वयाचा होईपर्यंत तिला घरी ठेवत आणि मग दोघांची नावं एकाच दिवशी घालत. सातवीपर्यंत तिचा नंबर पहिला आला आणि माझा दुसरा. सातवीनंतर मी बारामतीच्या हायस्कुलात गेलो, बोर्डिंगात राहिलो. ती घरी राहिली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

त्या काळी इंग्रजी आठवीपासून सुरू होई. शनिवारी शाळा सकाळची असे, दुपारच्या एस.टी.नं मी गावी येई. अक्का ओट्यावर वाटच पाहत असे.

"आज कुठले शब्द दिले?"

आमचे सर शब्द अर्थाच्या घराण्याप्रमाणे देत. एका आठवड्यात पाण्याचे, एका आठवड्यात रागाचे. त्या आठवड्यात 'पुढे' या अर्थाचे होते. अहेड, फॉरवर्ड, अॅडव्हान्स, प्रोग्रेस. मी ते वाचून दाखवले. समोर मराठी अर्थ लिहिले होते: पुढे, पुढे, पुढे जाणे, प्रगती.

"दोन्हीला पुढंच?" अक्का म्हणाली. "मग दोन शब्द कशाला केले त्यांनी? रिकामी होती व्हय रं माणसं?"

ती आत जाऊन भाकऱ्या थापायला बसली. मग तिनं माझ्या वहीत मला लिहून घ्यायला लावलं. आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची, उसाची गाडी कारखान्याच्या फाटकाशी रांगेत उभी आहे. मागं दहा गाड्या आहेत, म्हणजे आबा अहेड. पण फाटक उघडलेलं नाही, म्हणून कुणीच फॉरवर्ड जात नाही. आबा गाडीखाली झोपलेत, तरी अहेडच.

सोमवारी सरांनी ते वाचलं आणि पुन्हा वर्गाला वाचून दाखवलं. "हा फरक मला बी.टी.ला, मास्तरकीच्या परीक्षेलासुद्धा असा कुणी सांगितला नव्हता," ते म्हणाले. मग त्यांनी मला उभं करून प्रोग्रेसवर तसंच काही सांगायला लावलं. मी खालच्या आवाजात म्हणालो, "ते माझं नाही सर. घरी अक्का आहे, तिचं आहे."

शाळा सुटल्यावर त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि आबांना द्यायला एक चिठ्ठी लिहून दिली. पाकीट नव्हतं, मी वाटेत वाचली. 'आपली कन्या विलक्षण बुद्धिमान दिसते. जूनपासून तिला थेट नववीत बसवून घेऊ. राहण्याची सोय माझ्या घरी माझ्या मुलींबरोबर होईल. एकदा येऊन भेटावे.'

नववीत म्हणजे माझ्या वर्गात.

बारामतीत त्या सहामाहीला माझा पहिला नंबर आला होता. आयुष्यात पहिल्यांदा. शनिवारी एस.टी.तून उतरल्यावर मी सरळ घरी गेलो नाही. कालव्याच्या पुलावर गेलो आणि चिठ्ठी पाण्यात टाकली. ती बुडायला फार वेळ लागला. घरी अक्कानं विचारलं, "सरांनी वाचलं का रं? काय म्हणाले?"

"बरं आहे म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

सोमवारी सरांना मी सांगितलं की वडील नको म्हणतात. त्यांनी मान हलवली. "वाटलंच होतं मला." पुन्हा काही विचारलं नाही. तेव्हा सगळेच वडील नको म्हणत, त्यामुळे माझं खोटं तपासायची कुणाला गरज पडली नाही.

दोन वर्षांनी अक्काचं लग्न झालं. तिला इंदापुरात देऊन परत येताना बैलगाडीत आबा आणि मी दोघंच होतो. बाकीचे पाहुणे मागच्या गाडीत होते. आबा बैलांकडं पाहत म्हणाले, "डोकं लई चांगलं होतं पोरीचं. एखादा मास्तर येऊन बोलला असता तर धाडली असती मी. आपण होऊन कसं विचारायचं? लोक म्हणतील, पोरगी घरात जड झालीय."

पुढं मी शिकलो, प्राध्यापक झालो, पुस्तकांत राहिलो. जवळचं असं माणूस अक्काच राहिलं. सणाला जाई, तिच्या हातचं जेवे आणि परत येई. दर वेळी ठरवून जाई आणि न सांगताच येई.

या वर्षी ती आजारी पडली तेव्हा मी महिनाभर इंदापूरला राहिलो. एका दुपारी तिची सून रानात गेली होती, घरात आम्ही दोघंच. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, पूल, सरांना काय म्हणालो ते.

अक्का वरच्या पत्र्याकडं पाहत होती. मग म्हणाली, "काय लिवलं होतं तीत?"

मला शब्द न् शब्द पाठ होता. मी म्हणून दाखवला.

"पुन्यांदा म्हण."

दुसऱ्यांदा 'विलक्षण'पाशी माझा आवाज थांबला. तिनं वाट पाहिली. मी पुरं केल्यावर ती भिंतीकडं तोंड करून निजली.

त्यानंतर ती नऊ दिवस होती. रोज बोलत होती. चहा घेतलास का, म्हणे, आणि अंगावर काहीतरी घे, गार हाय. त्या दुपारचं तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही. ती मला काय समजून गेली, हे मला माहीत नाही, आणि ज्याला विचारावं असं आता कुणी नाही.