लडक्याबाबाचं नख

नरपड गावी चिमणशेठच्या चिकूवाडीत दोन वस्तूंना हात लावायची कुणाची टाप नव्हती. एक शेठचा रेडिओ आणि दुसरं लडक्याबाबाच्या उजव्या अंगठ्याचं नख.

नख चांगलं लांब, कौलाच्या तुकड्यावर घासून धार दिलेलं. झाडावरून माल उतरला की लडक्या ढिगाशी बसायचा, एकेक चिकू उचलायचा आणि सालीवर नख ओढायचा. आत हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळसर दिसलं तर तयार. तलासरीच्या डोंगराकडून तो मजुरीला आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता मिशा पिकल्या, नख तेवढं तरुण राहिलं. बायकोला, सुकीला, तो लसूणसुद्धा सोलू लागायचा नाही.

"धार जाईल," म्हणायचा.

"जिभेची जात नाय ती कधी!" सुकी म्हणायची.

२०१७च्या थंडीत शेठने फर्मान काढलं. "लडक्या, सांभळ, नीट ऐक. मोठा वेपारी बोलतो, मजूर ट्रेनिंग घेतलेला पायजे. चार दिवस शिकायचा. पास नाय, तर ढिगावर बसायचा नाय. मग मुकेश बसेल."

मुकेश म्हणजे लडक्याचा पुतण्या. लडक्याच्या मते त्याला चिकू आणि बटाटा यांतला फरक अजून उन्हात धरून दाखवावा लागे.

शिकवायला स्कूटीवरून उतरली सुषमा. शेतीचा डिप्लोमा केलेली, बागायतदारांच्या मंडळाने नेमलेली, गळ्यात ओळखपत्र. लडक्याने ते न वाचताच तिला ओळखलं. लहानपणी हीच फ्रॉकच्या ओच्यात चिकू भरून कुंपणातून पसार व्हायची आणि मागे हा काठी घेऊन.

"ही? ही चोरटी मला शिकवणार?"

"तेव्हा तुम्ही मला पळायला शिकवलंत, बाबा. आता माझी पाळी."

शिकायला बसलेल्या मजूर बायका पदर तोंडात धरून हसल्या.

सुषमाला प्रत्येक वाक्यात 'बेसिकली' लागायचं. "बेसिकली, फळाला इजा नको." लडक्या मागच्या रांगेतून तिच्याच सुरात म्हणाला, "बेसिकली, बिडी ओढायला कधी सोडणार?"

"बिडी बेसिकली वाडीच्या बाहेर," ती मागे वळूनही न बघता म्हणाली. मग तिने पुढचा धडा घेतला. नखाने साल फाटते आणि फाटल्या जागी फळ कुजतं. "तेव्हा बाबा, नख कापा."

लडक्याने अंगठा मुठीत दडवला.

"मुंडकं काप, पोरी. नखाला हात नाय."

सुषमाने वाद घातला नाही. तिने पेंढा घालून दोन खोके भरले. एकात लडक्याने नख ओढलेले दहा चिकू, दुसऱ्यात नख न लावलेले दहा. "चौथ्या दिवशी उघडू. नखवाले चांगले निघाले तर तुम्ही पास."

"आणि सडले तर?"

"नेलकटर मी आणते."

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे भाकरीला गेलेले बघून लडक्याने आपला खोका हळूच उघडला. चार चिकू नखाच्या रेघेवर काळे पडले होते, एकाला पाणी सुटलं होतं. इतकी वर्षं माल टेम्पोत चढला की त्याचं काम संपायचं. पुढे त्या फळांचं काय होतं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. डोळ्यांपुढे ढिगावर बसलेला मुकेश आला.

दहाही चिकू कुंपणापलीकडे भिरकावून तो झाडांत शिरला. पहिलं फळ तोडलं, सवयीने नख वर गेलं आणि तिथेच थांबलं. हेही सडलं तर? मग त्याने तळवा फिरवला. सालीवरची भुकटी हाताला लागली. बुडाचं टोक बोट लावताच गळलं. हा घ्यायचा. दुसऱ्याचं टोक घट्ट, तो राहू दे. असे दहा गोळा करून खोका बंद.

चौथ्या दिवशी सुषमाने आधी दुसरा खोका उघडला. दहाही मऊ, सुरेख. मग लडक्याचा उघडला आणि एक चिकू टेबलावर आपटला. टक्!

"आ तो पथ्थर छे! कालच तोडलेला!" शेठ ओरडला.

"चोरांमागं धावून धावून माझा म्हाताराच चोर झाला!" सुकीने कपाळावर हात मारला. लडक्या पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला.

सुषमा मात्र फळं उलटीसुलटी करून बघत होती. "एकालाही नख नाही. मग निवडलेत कसे?"

"असेच. हातानं."

"तयार आहेत? पिकतील?"

"नसतील तर माझं नाव लडक्या नाय!"

"मग हीच तुमची परीक्षा," म्हणत तिने खोका स्कूटीवर बांधून घरी नेला. वाडीत ठेवला तर हा पठ्ठ्या पुन्हा फळं बदलणार नाही, याचा काय भरवसा?

पाच दिवसांनी खोका परत आला. दहाच्या दहा पिकलेले, एकावरही डाग नाही. दोन तर शेठनेच मटकावले. लडक्याने सुषमापुढे अंगठा केला आणि इंजेक्शन घेतल्यासारखे डोळे मिटले. कट्!

"आता ते हाताचं मला शिकवा," सुषमा वही उघडून म्हणाली.

"बेसिकली टोक बघायचं," लडक्या म्हणाला. "तू चोरायचीस ते सगळे कच्चे असायचे, येडे. म्हणून तर तुला पळू द्यायचो."

त्या संध्याकाळी सुकीने त्याच्यापुढे लसणाची टोपली आणून ठेवली.

"नख नाय आता, सोलू कसा?"

"तेच शिकायचंय," सुकी म्हणाली. "बस!"